दुग्धशर्करा-असह्यता व दुग्ध-अधिहर्षता : भेदनिदानाचा इतिहास

दूध घेतल्यानंतर उद्भवणाऱ्या दोन भिन्न विकारांची ही नावे आहेत. दुधातील लॅक्टोज या शर्करेचे विघटन करणारे लॅक्टेज हे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) लहान आतड्यात पुरेसे नसल्यामुळे जी लक्षणे दिसतात, त्यांस दुग्धशर्करा-असह्यता म्हणतात. दुधातील प्रथिनांविरुद्ध शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेने (रोगप्रतिकारक यंत्रणेने) केलेल्या अवाजवी प्रतिक्रियेस दुग्ध-अधिहर्षता (दुधाची ॲलर्जी) म्हणतात. पहिल्या विकारात दोष पचनाचा असतो व त्रास घेतलेल्या दुधाच्या मात्रेवर अवलंबून असतो. दुसऱ्यात दोष प्रतिरक्षेचा असतो व अत्यल्प दूधही क्वचित प्राणघातक ठरू शकते. हा भेद आज दोन वाक्यांत सांगता येत असला, तरी तो प्रस्थापित होण्यास विसाव्या शतकाची जवळजवळ सात दशके लागली. प्रस्तुत नोंदीत त्या इतिहासाचा आणि वऱ्हाडातील आहाराच्या संदर्भात त्याच्या व्यावहारिक उपयोगाचा विचार केला आहे.

वऱ्हाडातील पार्श्वभूमी : अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती व अकोला या शहरांच्या दरम्यानच्या कापूस पिकविणाऱ्या सपाट प्रदेशात आहे. या भागाच्या उत्तरेस मेळघाटच्या डोंगरांत गवळ्यांची जुनी वस्ती असून गाविलगड या किल्ल्याचे नावही परंपरेने गवळ्यांशी जोडले जाते. लांब, तलवारीसारखी चपटी शिंगे असलेली व उन्हाळ्याचा ताप सोसणारी नागपुरी म्हैस हे या प्रदेशाचे वैशिष्ट्य होय. एलिचपूर (अचलपूर) या गावावरून तिला एलिचपुरी व वऱ्हाडावरून वऱ्हाडी असेही म्हणतात. दुधाचा उपयोग येथे केवळ पिण्यासाठी होत नाही; दही, ताक, कढी, तूप व खवा या रूपांनी ते आहारात येते. चहातील दूध तर घरोघरी असते.

दुधापासून होणाऱ्या त्रासाला मात्र मराठीत एकच सर्वसाधारण शब्दप्रयोग रूढ आहे : ‘दूध बाधते’. पेलाभर दुधानंतर प्रौढाचे पोट फुगले, अतिसारातून उठलेल्या बालकाला दुधाने पुन्हा जुलाब झाले किंवा पहिल्यांदाच वरचे दूध पाजलेल्या अर्भकाच्या अंगावर गांधी उठून श्वास कोंडला, तरी घरची माणसे वैद्याला हेच सांगतात. या तीन घटनांची कारणे वेगळी आहेत व त्यांवरील उपायही वेगळे आहेत. पहिल्या व्यक्तीस ताक सहसा मानवते, दुसऱ्या बालकाचा विकार तात्पुरता असतो, तर तिसऱ्या अर्भकाला तेच ताक धोक्याचे असते. भेदनिदानाचे महत्त्व यात आहे.

प्राचीन निरीक्षणे : दूध वा चीज एकास मानवते व दुसऱ्यास बाधते, हे निरीक्षण ग्रीक वैद्य हिपॉक्राटीझ यांच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहातही आढळते. आयुर्वेदात प्रत्येक व्यक्तीस काय मानवते याचा विचार ‘सात्म्य’ या संकल्पनेने केलेला आहे. चरकसंहितेत दुधाला जीवनीय मानलेले असून ग्रहणी या पचनविकारात मात्र ताकाची विशेष महती सांगितली आहे. या उपचारामागील अनुभव महत्त्वाचा आहे. कारण दह्याच्या विरजणातील सूक्ष्मजंतू लॅक्टोजचा काही भाग किण्वनाने (आंबण्याच्या क्रियेने) खर्ची घालतात. तथापि ग्रहणी म्हणजेच आजची दुग्धशर्करा-असह्यता, असे समीकरण मांडणे योग्य नाही. शर्करा व प्रथिन यांपैकी दोष कशाचा, हा प्रश्न विचारण्यासाठी आवश्यक असलेले रसायनशास्त्र त्या काळी कोठेच उपलब्ध नव्हते.

शर्करेचा शोध : दुधाच्या निवळीतून लॅक्टोज वेगळे करण्याचे श्रेय सतराव्या शतकातील इटालियन वैद्य फाब्रीत्स्यो बार्तोलेत्ती यांना देतात. कार्ल व्हिल्हेल्म शेले (१७४२–८६) या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञांनी १७८० मध्ये ती एक शर्करा असल्याचे दाखविले. लॅक्टोजचा रेणू ग्लुकोज व गॅलॅक्टोज या दोन साध्या शर्करांच्या संयोगाने बनलेला असतो व त्याचे विघटन झाल्याखेरीज तो आतड्यातून रक्तात शोषला जात नाही. गाईच्या व म्हशीच्या दुधात लॅक्टोज सु. ५% असते, तर मातेच्या दुधात ते सु. ७% असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसून आले की, लॅक्टेज पिलांच्या आतड्यात भरपूर असते व स्तनपान सुटल्यानंतर ते ओसरत जाते. हा नियम मनुष्यालाही लागू असेल, हे मात्र पुढे अर्धे शतक कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही. दूध पिणाऱ्या यूरोपीय समाजांतच बहुतेक संशोधन चाललेले असल्यामुळे प्रौढाने दूध पचविणे ही स्वाभाविक अवस्था समजली जात होती.

अधिहर्षतेचा शोध : शार्ल रीशे (१८५०–१९३५) व पॉल पॉर्त्ये (१८६६–१९६२) या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये तीव्रग्राहितेचे वर्णन केले. एखाद्या पदार्थाशी पूर्वी संपर्क आलेल्या प्राण्यास त्याच पदार्थाची दुसरी, अल्प मात्रा मारक ठरू शकते, असे त्यांना आढळले. या कार्याबद्दल रीशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. क्लेमेन्स फोन पिर्के (१८७४–१९२९) या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञांनी १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ ही संज्ञा बनविली. अन्नपदार्थांच्या अधिहर्षतेसाठी त्वचापरीक्षेचा उपयोग ऑस्कर श्लॉस यांनी १९१२ मध्ये अंड्याच्या बाबतीत वर्णिला. [→ अधिहर्षता].

या काळातील गोंधळाचे बोलके उदाहरण जर्मन बालरोगतज्ज्ञ हाइन्रिख फिंकेलश्टाइन (१८६५–१९४२) यांच्या कार्यात सापडते. गाईच्या दुधाने अर्भक दगावल्याची घटना त्यांनी १९०५ मध्ये नोंदविली. आजच्या दृष्टीने ती प्रथिनांवरील प्रतिक्रिया होय. अर्भकांच्या अतिसारात मात्र दोष शर्करेच्या आंबण्याचा आहे, असे त्यांचे मत होते व त्यानुसार त्यांनी लुटव्हिख मायर यांच्यासमवेत १९१० मध्ये कमी शर्करा व अधिक प्रथिने असलेले ‘प्रथिन-दूध’ तयार केले. शर्करा न पचणाऱ्या अतिसारग्रस्त अर्भकास ते उपकारक होते. अधिहर्ष अर्भकास मात्र तेच मारक ठरले असते. एकाच वैद्याच्या अनुभवात दोन्ही विकार आले होते. परंतु समोरच्या अर्भकास त्यांपैकी कोणता आहे, हे ठरविण्याची कसोटी उपलब्ध नव्हती.

वर्जन-चाचणीची मर्यादा : १९५० पर्यंत दुधाच्या त्रासाचे निदान मुख्यतः दूध बंद करून केले जाई. दूध वर्ज्य केल्यावर लक्षणे थांबली की दूध हेच कारण, असे ठरे. हा निष्कर्ष बरोबर असला, तरी अपुरा असतो. दूध थांबविताना शर्करा व प्रथिन ही दोन्ही एकाच वेळी थांबतात; त्यामुळे दोन्ही विकारांत आराम पडतो. म्हणजेच, दूध बंद केल्याने बरे वाटले, एवढ्यावरून विकार कोणता हे कळत नाही. दोन घटक वेगवेगळे देऊन पाहणे किंवा त्यांच्या परिणामांचा शरीरात स्वतंत्रपणे माग काढणे, एवढेच मार्ग उरतात. पुढील प्रगती या दोन मार्गांनी झाली.

१९५७–६८ मधील प्रगती : विल्यम क्रॉस्बी यांनी १९५७ मध्ये गिळता येईल अशी एक लहान धातूची कुपी वापरात आणली. तिच्या साहाय्याने शस्त्रक्रियेवाचून लहान आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढून त्यातील एंझाइमे मोजणे शक्य झाले. १९५८ मध्ये इटलीत डूरांड यांनी व १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये होल्झेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅक्टोज सहन न होणाऱ्या अर्भकांची वर्णने प्रसिद्ध केली. जन्मजात लॅक्टेज-अभाव हा अतिशय विरळ विकार आहे. १९६३ मध्ये आर्ने डालक्व्हिस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि त्याच वर्षी इटलीतील आउरिक्यो यांच्या गटाने अन्यथा निरोगी प्रौढांतही लॅक्टेज कमी असते, असे दाखविले.

योगायोगाने १९६३ मध्येच अमेरिकेत आर्मंड गोल्डमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधाने त्रास होणाऱ्या बालकांना दूध व त्यातील वेगवेगळी केलेली प्रथिने (केसीन, बीटा-लॅक्टोग्लोब्युलीन, आल्फा-लॅक्टाल्ब्युमीन इ.) देऊन प्रतिक्रिया तपासल्या. अशा रीतीने शर्करेची बाजू व प्रथिनांची बाजू एकाच वर्षी स्वतंत्रपणे प्रयोगाच्या कक्षेत आली. १९६६–६७ मध्ये किमिशिगे व तेरुको इशिझाका यांनी अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिख यांनी स्वीडनमध्ये तात्काळ अधिहर्षतेस कारणीभूत असलेला प्रतिपिंड ओळखला. १९६८ मध्ये त्यास ‘इम्युनोग्लोब्युलीन ई’ हे नाव देण्यात आले. रक्तातील विशिष्ट प्रतिपिंड मोजण्याची परीक्षा याच सुमारास निघाली. लॅक्टोजसाठी उच्छ्वासातील हायड्रोजन मोजण्याची पद्धती १९६९ नंतर विकसित झाली. मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजंतू न पचलेल्या लॅक्टोजपासून हायड्रोजन तयार करतात व त्याचा काही भाग रक्तावाटे फुप्फुसात येतो, या तत्त्वावर ती आधारलेली आहे.

विकार की स्वाभाविक अवस्था : क्वात्रेकासास व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये व बेलेस आणि रोझेन्सवाइग यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय प्रौढांत लॅक्टेजची कमतरता सर्रास असल्याचे दाखविले. त्यानंतर निरनिराळ्या देशांतून तपासण्या झाल्या व जगातील बहुसंख्य प्रौढांत लॅक्टेज कमीच असते, हे सिद्ध झाले. भारतात मुंबईतील एच. जी. देसाई, एफ. पी. अंटिया व त्यांचे सहकारी यांनी १९७० मध्ये निरोगी व्यक्तींतील लॅक्टेज-न्यूनता व तीतील आनुवंशिकतेचा वाटा यांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हैदराबाद येथील विनोदिनी रेड्डी व परशाद यांचे भारतीयांतील लॅक्टेज-न्यूनतेसंबंधीचे संशोधन १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८१ मध्ये टंडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या तुलनेत लॅक्टोज-असह्यतेचे प्रमाण दिल्लीकडील उत्तर भारतीयांत सु. २७%, तर दक्षिण भारतीयांत सु. ६७ ते ६९% आढळले.

या फरकाचे आनुवंशिक कारण २००२ मध्ये फिनलंडमधील एनाटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. प्रौढपणीही लॅक्टेज टिकून राहणे हे दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर, लॅक्टेजच्या जनुकाशेजारी झालेल्या एका उत्परिवर्तनाशी निगडित आहे. भारतातील गुरे पाळणाऱ्या समाजांत आढळणारे मुख्य उत्परिवर्तन यूरोपातील उत्परिवर्तनाशी एकच मूळ असलेले आहे आणि त्याचे प्रमाण वायव्य भारताकडून आग्नेयेकडे सामान्यतः घटत जाते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत संशोधनावरून दिसते. महाराष्ट्र या उताराच्या मधल्या भागात येतो. त्यामुळे एकाच घरात एकास पेलाभर दूध सहज पचावे व दुसऱ्यास पचू नये, यात नवल नाही. व्यक्तीची जात वा व्यवसाय पाहून मात्र तिच्याविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

दुग्धाहार कार्यक्रमांवरील परिणाम : या शोधांमुळे एक गंभीर सामाजिक प्रश्न उभा राहिला. आशिया व आफ्रिकेतील कुपोषित बालकांना दूधभुकटी वाटणे योग्य की अयोग्य, अशी शंका घेतली जाऊ लागली. संयुक्त राष्ट्रांच्या प्रथिन सल्लागार गटाने १९७२ मध्ये व अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेने १९७८ मध्ये या प्रश्नाचा विचार केला व केवळ लॅक्टेज-न्यूनतेच्या कारणास्तव बालकांना दुधापासून वंचित ठेवू नये, अशी भूमिका घेतली. प्रयोगशाळेत एका वेळी दिले जाणारे ५० ग्रॅ. लॅक्टोज म्हणजे सु. एक लिटर दुधातील लॅक्टोज होय. एवढे न सोसणारी व्यक्ती कपभर दूध बहुधा सोसते. सु. १२ ग्रॅ. लॅक्टोज एका वेळी बहुतेक असह्य व्यक्तींनाही चालते, असे २०१० मधील अमेरिकन तज्ज्ञपरिषदेचे मत आहे. दह्यातील सूक्ष्मजंतूंचे लॅक्टेज आतड्यात पोहोचल्यावरही कार्य करते, हे कोलार्स व सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखविले आणि दह्याताकाच्या जुन्या अनुभवास शास्त्रीय आधार मिळाला.

लक्षणांवरून भेद : तालुक्याच्या गावी प्रयोगशाळेतील परीक्षा हाताशी असोत वा नसोत, निदानाचा पहिला आधार रुग्णाची हकीकत हाच असतो. तीत पुढील बाबी पाहतात :

(१) वय : लॅक्टेजचे स्वाभाविक ओसरणे शैशवानंतर सुरू होते, त्याची लक्षणे मोठी मुले व प्रौढ यांत दिसतात. दुग्ध-अधिहर्षता बहुधा पहिल्या वर्षातच प्रकट होते व पुष्कळ बालकांत वाढत्या वयाबरोबर नाहीशी होते. मातेच्या दुधात लॅक्टोज सर्वाधिक असते. म्हणून अंगावर पिऊन चांगले वाढणाऱ्या अर्भकास गाईम्हशीच्या दुधाने त्रास झाला, तर दोष लॅक्टोजचा नसून बहुधा प्रथिनांचा असतो.

(२) लक्षणे : पोट फुगणे, गुडगुडणे, कळ येणे, वायू सरणे व पातळ जुलाब ही असह्यतेची लक्षणे होत. ती बहुधा अर्ध्या तासापासून काही तासांत दिसतात. अंगावर गांधी, ओठ व पापण्या सुजणे, श्वास घरघरणे, वारंवार उलटी किंवा ग्लानी ही अधिहर्षतेची लक्षणे असून ती सहसा काही मिनिटांपासून दोन तासांत दिसतात. अधिहर्षतेच्या विलंबित प्रकारांत अर्भकाच्या शौचातून रक्त पडते. अंगावरील गांधी, धाप किंवा शौचातील रक्त यांचा उलगडा दुग्धशर्करा-असह्यतेने होत नाही.

(३) मात्रा : चहातील दूध, ताक व कढी चालतात, पण पेलाभर दूध किंवा अधिक खवा चालत नाही, ही हकीकत असह्यतेची होय. खव्यात लॅक्टोज एकवटलेले असल्याने सु. ५० ग्रॅ. खव्यात कपभर दुधाइतके लॅक्टोज असते. याउलट दूधभुकटी घातलेल्या बिस्किटाच्या तुकड्यानेही त्रास होत असेल, तर अधिहर्षतेचा संशय घ्यावा लागतो.

(४) पूर्वीचा आजार : तीव्र अतिसारात आतड्याच्या अस्तरास इजा होऊन लॅक्टेज तात्पुरते कमी होते. अस्तर भरून आल्यावर, बहुधा काही आठवड्यांत, ही दुय्यम असह्यता जाते. अशा बालकाचे स्तनपान बंद करू नये व त्याचे दूध कायमचे तोडू नये.

परीक्षा व उपचार : उच्छ्वास-हायड्रोजन परीक्षेने अधिहर्षता कळत नाही, त्वचापरीक्षेने किंवा प्रतिपिंड मोजून असह्यता कळत नाही. शिवाय प्रतिपिंड आढळणे म्हणजे केवळ संवेदनशीलता होय. हकीकतीशी जुळल्याखेरीज तिला रोग म्हणत नाहीत. विलंबित प्रकारांत प्रतिपिंड आढळतही नाहीत. तेथे दूध वर्ज्य करून व वैद्यकीय देखरेखीखाली पुन्हा देऊन निदान करतात. अधिहर्षतेचा संशय असता ही चाचणी घरी करून पाहणे धोक्याचे असते.

असह्यतेत दूध पूर्ण सोडावे लागत नाही. थोडे थोडे, जेवणाबरोबर किंवा दहीताकाच्या रूपाने घेतल्यास ते मानवते. लॅक्टोजविरहित दूधही बाजारात मिळते. अधिहर्षतेत मात्र यांपैकी एकही उपाय चालत नाही. विरजण लावल्याने किंवा लॅक्टोज काढल्याने प्रथिने नाहीशी होत नाहीत व केसीन उकळल्यानेही टिकून राहते. गाईच्या दुधाऐवजी म्हशीचे किंवा शेळीचे दूध देण्याचा प्रघात दोन्ही विकारांत निरुपयोगी आहे : या सर्वांत लॅक्टोज असतेच आणि त्यांची प्रथिनेही परस्परांशी पुष्कळ मिळतीजुळती असल्यामुळे अधिहर्ष बालकास बहुधा सर्वच दुधे बाधतात. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसते. तथापि प्रथिनांचा लेश राहू शकतो, म्हणून अधिहर्ष व्यक्तीने त्याबाबतही वैद्याचा सल्ला घ्यावा. श्वासरोध किंवा ग्लानीसह तीव्र प्रतिक्रिया झाल्यास ॲड्रेनॅलिनाचे अंतःक्षेपण हा पहिला उपचार होय व रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागते. वेष्टनबंद पदार्थांत दूध असल्यास तसा स्पष्ट निर्देश करणे अन्न सुरक्षा व मानके (लेबलिंग व प्रदर्शन) विनियम, २०२० अन्वये आवश्यक आहे.

चुकीच्या निदानाची हानी दोन्ही बाजूंनी होते. असह्यतेलाच अधिहर्षता समजून बालकाचे दूध कायमचे तोडले, तर ज्या घरात प्रथिने व कॅल्शियम यांचा दुसरा पुरेसा पुरवठा नाही तेथे त्याच्या वाढीवर परिणाम होतो. अधिहर्षतेलाच ‘पचत नाही’ समजून ताक दिले, तर जिवावर बेतू शकते. वऱ्हाडातील ताकाची परंपरा पहिल्या विकारापुरती शास्त्राने उचलून धरली आहे. दुसऱ्या विकारापुरती तिची मर्यादाही शास्त्रानेच दाखविली आहे. म्हणून ‘दूध बाधते’ अशी तक्रार आल्यास कोणत्या वयात, किती दुधाने, किती वेळाने व कोणत्या प्रकारे, हे चार प्रश्न विचारल्याखेरीज ताक सुचवू नये आणि दूधही तोडू नये.